प्रश्न बंद करा, पण खडूचा गोल मारून

ताईंनी प्रश्न बराच मोठा लिहिलाय, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत थोडक्यात मांडतो. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागातली कॉलेजची मुलं आणि नव्याने नोकरीला लागलेले अशा हजारेक जणांचा एक प्रोग्रामिंगचा प्रश्नोत्तर समूह त्या आणि त्यांची मैत्रीण मिळून सांभाळतात. मुलं मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो टाकतात आणि खाली ‘अर्जंट’ लिहितात. तेच तेच प्रश्न फिरून येतात. प्रश्न बंद केले, म्हणजे त्यांवर उत्तरं द्यायची सोय थांबवली, तर ‘लई शहाणपण आलंय’ असं ऐकून घ्यावं लागतं. उघडे ठेवले तर उत्तरं देणारी जुनी मंडळी कंटाळून गप्प बसतात. त्यांनी तीन गोष्टी नेमक्या विचारल्यात. नकारात्मक मत (बटणाने दिलेली नापसंती) देणाऱ्याला कारण लिहायची सक्ती करावी का? डुप्लिकेट प्रश्नांचं काय करायचं? आणि एका मुलाने तोच प्रश्न चार वेळा टाकलाय, त्याला समूहातून काढावं का?

मी वीसेक वर्षं इथल्या फाउंड्र्या, साखर कारखाने आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहितोय. त्यातली नऊ वर्षं असाच एक मराठी समूह सांभाळण्यात गेली, आणि स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या जागतिक संकेतस्थळावरही प्रश्न बंद करायच्या-उघडायच्या रांगा बऱ्याच उपसल्या. त्या जोरावर सांगतो.

कडक राहावं की मवाळ, असा तुमचा सूर आहे. मला दुखणं वेगळं वाटतं. एक आकडा काढा: गेल्या महिन्यात तुम्ही जितके प्रश्न बंद केलेत, त्यातले किती परत उघडले? माझा अंदाज, एकही नाही. तुमच्याकडे प्रश्न बंद होतो म्हणजे संपतो. मुलांना ते बरोबर कळलंय, म्हणून ती चिडतात किंवा तोच प्रश्न नव्याने टाकतात. तुम्ही कितीही गोड बोललात तरी दार एकाच बाजूला उघडत असेल तर माणूस वैतागणारच.

माझे वडील उद्यमनगरात लेथवर काम करायचे. शिरोलीच्या फाउंड्रीतून बिडाची कास्टिंग (ओतीव भाग) यायची, आमच्याकडे टर्निंग (लेथवर तासून आकार देणं) व्हायचं. वरून धडधाकट दिसणाऱ्या जॉबवर दोन मिलिमीटरचा कट घेतला की कधीकधी आत ब्लोहोल निघायचं. लोखंड ओतताना आत अडकलेल्या वायूची ती पोकळी. असा जॉब परत पाठवताना वडील त्या भोकाभोवती खडूने गोल मारायचे आणि शेजारी बाण काढायचे. मी लहानपणी विचारलं होतं, मालाच्या चलनावर ‘रिजेक्ट’ लिहिलंय की, परत गोल कशाला? ते म्हणाले, ‘रिजेक्ट वाचून त्याला राग येईल. गोल बघून त्याला कळेल की वाळूत पाणी जास्त झालंय का वायू जायचं व्हेंट कमी पडलंय.’ फाउंड्रीचा माणूस दुसऱ्या दिवशी तो गोल बोटाने चाचपून बघायचा, हे मी पाहिलंय. भांडायचाही, पण जॉबवर भांडायचा, वडिलांशी नाही.

मला मॉडरेशन, म्हणजे समूह सांभाळणं, एवढंच कळलंय. दोष कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायचं, आणि दुरुस्त होऊन माल परत आला की दारात हजर असायचं. यातला दुसरा भाग जवळजवळ सगळे विसरतात.

आता काय कशावर अवलंबून आहे, ते. तुमचा समूह वाचनालय आहे की ओपीडी, हे आधी तुम्ही दोघींनी ठरवा. स्टॅक ओव्हरफ्लो २००८ साली जेफ ॲटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी सुरू केलं ते वाचनालय म्हणून. विचारणाऱ्या एकासाठी नाही, तर पुढे तीच अडचण घेऊन शोधत येणाऱ्या शेकडो जणांसाठी उत्तर जपून ठेवायचं. त्यामुळे तिथे शीर्षक, टॅग, नेमका कोड यांचा एवढा आग्रह असतो. ‘नमस्कार’, ‘आगाऊ धन्यवाद’ या ओळीसुद्धा कुणीतरी येऊन खोडून टाकतं. करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासून चालू आहे, तिथे पुस्तकाच्या पाठीवर नंबर लागतो तो आजच्या वाचकासाठी कमी आणि उद्याच्या वाचकासाठी जास्त. ओपीडीत तसं नसतं. तिथे समोरच्या पेशंटला आज बरं वाटलं की झालं. त्याचा केसपेपर पुढे कुणी वाचेल की नाही, याला महत्त्व नाही.

दोन्ही चांगलंच काम आहे. घोळ होतो तो दारावर ओपीडीची पाटी लावून आत वाचनालयाचे नियम चालवले की. कॉलेजच्या मुलांचा समूह असेल तर माझं मत ओपीडीकडे झुकतं, आणि महिन्यातून एकदा त्यातली चांगली दहा उत्तरं निवडून नीट लिहून वाचनालयात लावायची. ‘नमस्कार सर’ मात्र खोडू नका. पोरगं राधानगरीहून येऊन हॉस्टेलवर राहतंय, मोठ्यांना नमस्कार करून बोलायचं एवढंच त्याला घरून शिकवलंय. ते खोडून काय मिळणार?

स्टॅक ओव्हरफ्लोचा एक किस्सा इथे उपयोगी पडेल. ‘बंद’ या शब्दाने लोक दुखावतात म्हणून त्यांनी २०१३ साली पहिले काही दिवस ‘स्थगित’ असा शब्द वापरायला सुरुवात केली. काही वर्षांनी तो काढून पुन्हा ‘बंद’ आणला. शब्द बदलून फार काही साधलं नसावं. त्यांच्याकडची खरी कामाची गोष्ट वेगळी आहे: बंद झालेला प्रश्न विचारणाऱ्याने स्वतः सुधारला की तो पुन्हा उघडण्याच्या रांगेत जातो आणि दुसरी माणसं त्याच्याकडे नव्याने बघतात. ३,००० गुण (इतरांच्या मतांतून मिळणारे) झालेल्या सदस्यालाच बंद करायचं मत देता येतं, आणि एकट्याच्या मताने सहसा काही होत नाही. पूर्वी पाच मतं लागायची, २०१९पासून तीन. तुमच्याकडे तुम्ही एकटीने बटण दाबता. म्हणजे तिथल्या तिघांची अक्कल तुम्हाला एकटीला वापरायची आहे.

आता त्या मोबाइलच्या फोटोकडे येऊ. फोटो नको असण्याचं कारण मुलांना कुणी सांगतच नाही, नुसतं ‘फोटो टाकू नका’ म्हणतात. फोटोतला कोड कॉपी करून चालवता येत नाही, शोधल्यावर सापडत नाही, आणि डोळ्यांनी अधू माणसाचा स्क्रीन वाचणारा प्रोग्रॅम तो वाचू शकत नाही. लॅबमधल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बरोबर एररवर पडतं, ते वेगळंच. समजा प्रश्न असा आलाय: ‘सर प्रोग्रॅम रन होत नाही एरर येतोय प्लीज हेल्प अर्जंट’, आणि खाली एक तिरका फोटो. यावर मी साधारण असं लिहितो:

‘फोटोत एररची शेवटची ओळ कापली गेलीय आणि आपल्याला नेमकी तीच हवी आहे. टर्मिनलमधून ती कॉपी करा, याच प्रश्नाखाली “संपादन” दाबा आणि मजकूर म्हणून चिकटवा. त्या ओळीच्या वर ज्या फंक्शनचं नाव दिसतंय तेवढंच फंक्शन टाका, पूर्ण फाइल नको. तोवर प्रश्न बंद ठेवतोय. मी रात्री नऊला परत बघणार आहे.’

यात काय काय आहे बघा. दोष कुठे आहे ते आहे, हाताने काय करायचं ते आहे, कुठलं बटण दाबायचं तेही आहे, आणि मी कधी परत येणार ते आहे. ‘प्रश्न नीट विचारा’ यातलं काहीच सांगत नाही. ज्याला नीट विचारता येतं त्याने आधीच नीट विचारलं असतं. ‘शेवटची ओळ’सुद्धा मी विचार करून लिहितो. पायथनमध्ये खरी एरर शेवटच्या ओळीत असते, वरची लांबलचक यादी तिथपर्यंतचा रस्ता दाखवते. जावामध्ये उलटं आहे: पहिली ओळ महत्त्वाची, आणि खाली कुठे ‘कॉज्ड बाय’ असेल तर ती त्याहून महत्त्वाची. जावाच्या पोराला ‘शेवटची ओळ टाका’ म्हटलं तर तो प्रामाणिकपणे बिनकामाची ओळ टाकेल आणि वर तुम्हीच त्याला रागवाल.

नऊला परत यायचं म्हटलं की यायचं. मी मोबाइलमध्ये अलार्म लावतो. हसू नका, पण अर्धं मॉडरेशन त्या अलार्ममध्ये आहे. त्याने संपादन केलेलं असेल तर लगेच उघडायचं आणि एक शब्द लिहायचा, ‘उघडला’. केलेलं नसेल तर काही बोलायचं नाही. तो बस पकडायला गेला असेल.

कोड छोटा करून आणायला सांगणं हा यातला सगळ्यात जड पण सगळ्यात लाभाचा भाग. लहानात लहान कोड, जो चालवल्यावर तीच चूक दाखवतो. मी मुलांना सांगतो, फाइलची नवी कॉपी करा, एकेक तुकडा उडवा, दरवेळी चालवून बघा. ज्या तुकड्यानंतर एरर गेली, चोर त्या तुकड्यात. माझ्या अनुभवात बरीच मुलं या कापाकापीतच उत्तरावर पोचतात आणि ‘सर झालं’ म्हणून येतात. तेव्हा त्यांना ते उत्तर स्वतःच लिहायला लावा, आणि त्याखाली तुम्ही अंगठा द्या.

डुप्लिकेटवर जरा थांबतो, कारण मी सगळ्यात मोठी चूक इथेच केलीय.

आमच्या समूहावर एक उत्तर फार गाजलेलं होतं. मायएसक्यूएल या डेटाबेसमधली मराठी नावं विचित्र रोमन अक्षरांत दिसू लागली तर काय करायचं, याचं. ते दुखणं असं: देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं. मधल्या कुणीतरी ते तीन बाइट लॅटिन-१ या रोमन अक्षरांच्या जुन्या पद्धतीची तीन स्वतंत्र अक्षरं म्हणून वाचले, तर एका ‘क’च्या जागी तीन भलतीच चिन्हं उमटतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग कुठल्याच देशाचं नसलेलं ते गोल चलनचिन्ह, अशी रांग. बघायला भयानक, पण बाइट शाबूत असतात. त्यामुळे कॉलम आधी लॅटिन-१, मग बायनरी, मग परत यूटीएफ-८ असा फिरवला की नावं जागेवर येतात. ते उत्तर मीच लिहिलेलं, आणि खरं सांगतो, मला त्याचा जरा अभिमानही होता.

एका मुलाने विचारलं, ‘सभासदांची सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं दिसतात, काय करू?’ करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी तो बिलाचा प्रोग्रॅम लिहीत होता. मी शीर्षक वाचलं, ‘मराठी नावं’, ‘मायएसक्यूएल’, झालं. डुप्लिकेट म्हणून बंद केला, माझ्या उत्तराची लिंक लावली, वीस सेकंदांचं काम. त्याने विश्वासाने उत्तरातल्या तिन्ही कमांड चालवल्या.

त्याचं दुखणं वेगळं होतं. त्याच्या टेबलात नावं अगदी ठणठणीत होती. फक्त वाचणारं कनेक्शन (प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यातला दुवा) लॅटिन-१वर होतं, आणि लॅटिन-१मध्ये ‘क’ नाहीच, म्हणून सर्व्हर दाखवताना त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवत होता. कनेक्शनचा कॅरेक्टर सेट (अक्षरं वाचायची पद्धत) बदलला की प्रश्न सुटत होता, एका ओळीत. मी त्याला पाठवलं तिथे पहिलीच पायरी होती कॉलम लॅटिन-१ करण्याची. मायएसक्यूएलचं जुनं व्हर्जन, स्ट्रिक्ट मोड (न बसणारा डेटा अडवणारी सोय) बंद. नव्या व्हर्जनवर कमांड एरर देऊन थांबली असती. इथे नुसत्या वॉर्निंग आल्या, आणि टेबलातल्या प्रत्येक अक्षराचं खरोखरच प्रश्नचिन्ह झालं. आधी ते फक्त दिसत होतं.

दोन दिवसांनी दहा दिवसांचं बिल निघणार होतं. दुपारी त्याचा फोन आला. आवाज रडवेला, पण मला एक शब्द वाकडा बोलला नाही, उलट ‘माझंच काहीतरी चुकलं असणार सर’ म्हणाला. ते मला जास्त लागलं. संस्थेच्या सचिवांच्या कपाटात पंधरा दिवसांपूर्वीच्या बॅकअपची पेनड्राइव्ह निघाली म्हणून निभावलं. मधल्या पंधरा दिवसांत आलेले सभासद आम्ही दोघांनी रजिस्टरवरून हाताने भरले.

त्यानंतर मी डुप्लिकेट करायची पद्धत बदलली. शीर्षक सारखं असणं पुरत नाही, लिंकवरचा उपाय याच माणसाला लागू पडतो का, ते बघायचं. खात्री नसेल तर बंद करण्याआधी एकच निदानाचा प्रश्न विचारायचा. नावांच्या या प्रकरणात तो असा आहे: कॉलमवर हेक्स फंक्शन (साठवलेले बाइट आकड्यांत दाखवणारं) लावून एक नाव बघा. आकडे ‘ई०ए४’ने सुरू झाले तर अक्षरं शाबूत आहेत, कनेक्शन दुरुस्त करा. ‘सी३ए०’ने सुरू झाले तर ते रोमन चिन्हांचं जुनं दुखणं. नुसते ‘३एफ ३एफ’ आले तर ती खरी प्रश्नचिन्हं, बॅकअप शोधा. हा तुकडा आता माझ्या त्या गाजलेल्या उत्तराच्या सगळ्यात वर आहे, कमांडच्या आधी. आणि लिंक लावताना मी खाली एक ओळ लिहितोच: ‘त्या उत्तरातला दुसरा परिच्छेद तुमच्या उपयोगाचा आहे, पहिला नाही. जमलं नाही तर इथेच सांगा, उघडतो.’ ती ओळ लिहिता येत नसेल तर समजायचं, आपण लिंक नीट वाचलेली नाही.

बाकी डुप्लिकेट म्हणजे गुन्हा नाही, हे मुलांना सांगत राहा. एकाच गावाला चार दिशांनी रस्ते येतात, प्रत्येकावर पाटी लागते. कुणी ‘नावं दिसत नाहीत’ असं शोधतो, कुणी ‘प्रश्नचिन्ह येतंय’ असं. म्हणून डुप्लिकेट पुसून टाकू नका, पाटी म्हणून राहू द्या.

आता नकारात्मक मतांचं. सक्ती करू नका. स्टॅक ओव्हरफ्लोवर नकारात्मक मत मिळालं की लिहिणाऱ्याचे दोन गुण जातात. मत उत्तराला दिलं असेल तर देणाऱ्याचाही एक जातो, प्रश्नाला दिलं तर त्याचं काही जात नाही. मुळात १२५ गुण झाल्याशिवाय ते मत देताच येत नाही. पण कारण लिहायची सक्ती तिथेही नाही. सक्ती केली की लोक नुसते ठिपके टाकतात. खरं कारण लिहिणाऱ्याला मग समोरचा त्याच्या जुन्या उत्तरांवर जाऊन सूड म्हणून मतं देतो. लाखो अनोळखी माणसांत निनावी मत चालून जातं. हजार जणांच्या समूहात मात्र कोण कुठल्या कॉलेजचा हे सगळ्यांना माहीत असतं, तिथे निनावी मत हा नुसता दगड असतो, अंधारातून आलेला. आम्ही एवढंच केलं: नव्या माणसाच्या पहिल्या दोन प्रश्नांना नकारात्मक मत नाही. काही बोलायचं असेल तर लिहून बोला, नाहीतर पुढे चला. जुन्या माणसाने चुकीचं उत्तर दिलं तर बिनधास्त द्या, पुढच्या वाचकाला तो इशारा असतो.

उत्तरांवर अभिप्राय देणं प्रश्नांपेक्षा अवघड, कारण चुकीचं उत्तर बहुतेक वेळा चालतं. एका मुलीने लॉगिनच्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं, युजरने टाइप केलेलं नाव थेट क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या, वाक्यात जोडून. विचारणाऱ्याचं काम झालं, त्याने धन्यवादही दिले. आमच्यातल्या एका ज्येष्ठाने खाली लिहिलं, ‘असला कोड लिहिणाऱ्यांमुळेच डेटा फुटतो.’ बरोबर होतं ते, पण तिला त्यातून काय कळणार? मी लिहिलं, ‘नावाच्या जागी डी’सोझा टाइप करून बघा. मधल्या त्या चिन्हावर क्वेरी तुटेल. तिथे कुणी आडनावाऐवजी मुद्दाम एसक्यूएलचा तुकडा टाइप केला तर तोही चालेल. म्हणून नाव वाक्यात न जोडता पॅरामीटर म्हणून वेगळं द्या.’ तिने करून बघितलं, उत्तर बदललं, आणि वर ‘आधी मी चुकीचं लिहिलं होतं’ अशी ओळही टाकली. ती ओळ मी सांगितली नव्हती.

त्या ज्येष्ठांना मी समूहावर काही बोललो नाही. रात्री फोन केला. ‘साहेब, तुमचा मुद्दा बरोबर होता, पण पोरगी परत लिहायची नाही,’ एवढंच. ते दोन मिनिटं माझ्यावर करवादले, मग म्हणाले, ‘बघतो.’ नवख्यांना सांभाळणं सोपं असतं ताई, खरं मॉडरेशन जाणत्यांचं. आठवड्याला वीस उत्तरं देणारा माणूस तुम्हाला हवा असतो, आणि त्याच्या जिभेमुळे चाळीस जण गप्प होतात ते कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत. स्टॅक ओव्हरफ्लोने एप्रिल २०१८मध्ये स्वतःच जाहीर लिहून मान्य केलं की आपली जागा नवख्यांना, स्त्रियांना परकी वाटते, आणि त्याच वर्षी नवी आचारसंहिता आणली. नव्या सदस्याच्या नावाशेजारी तशी खूणही दिसू लागली. ती खूण तुम्हीही लावा, फुकटात होते. जाणत्याला फोन करणं मात्र तुम्हालाच करावं लागेल, त्याला बटण नाही.

जीभ म्हणताना आपल्या कोल्हापुरी बोलीचंही सांगायला हवं. ‘ए भावा, कोड तरी टाक की’ हे आपल्याला प्रेमाचं वाटतं. नागपूरच्या माणसाला ते अंगावर आल्यासारखं वाटतं, असं त्याने मला स्पष्ट सांगितलं. एकदा तर कुणीतरी ‘मी करून बघतो, नाही जमलं तर सांगतो’ असं लिहिलेलं वाचून मी ‘अरे भावा’ करून सुरुवात केली. मुलगी निघाली. आपल्याकडच्या मुली ‘मी आलो, मी जातो’ बोलतात, हे इथल्या मातीत वाढलेल्या मला सुचू नये! तेव्हापासून ओळख होईपर्यंत सगळ्यांना ‘तुम्ही’.

एआयकडून लिहून घेतलेल्या उत्तरांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण येणारच आहे ते. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२मध्ये, चॅटजीपीटी आल्यावर काही दिवसांतच, अशा उत्तरांवर बंदी घातली. कारण सरळ होतं: दिसायला झकास, आत चुकीची, आणि तपासणाऱ्यांच्या हाताबाहेर जाईल इतकी जास्त. पुढे २०२३च्या जूनमध्ये, नुसत्या संशयावरून कारवाई करू नका असं कंपनीने सांगितल्यावर तिथल्या मॉडरेटरांनी संप केला. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं होतं. एआय ओळखणारी साधनं चुकतात, आणि नीटनेटकं लिहिणारं पोरगं उगाच फासावर जातं. मी फक्त विचारतो, ‘हे चालवून बघितलं का? कुठल्या व्हर्जनवर? काय आउटपुट आलं?’ ज्याने चालवलंय तो दोन मिनिटांत चिकटवतो. ज्याने चालवलेलं नाही त्याचं उत्तर मी काढतो, मग ते यंत्राने लिहिलेलं असो की माणसाने.

परीक्षेच्या हंगामात, म्हणजे विद्यापीठाच्या प्रॅक्टिकल सुरू झाल्या की, अख्खी जर्नलं येऊन पडतील. तेव्हा पूर्ण उत्तर कुणीच द्यायचं नाही, ‘कुठल्या ओळीपर्यंत जमलं ते टाका’ म्हणायचं. आणि तुम्ही दोघी आळीपाळीने बघा. रात्री अकरानंतर बंद-चालू काही करू नका. माझे पस्तावण्यासारखे सगळे शेरे साडेअकरानंतरचे आहेत.

राहिला तो चार वेळा प्रश्न टाकणारा. तुम्ही त्याचे चारही प्रश्न खाली चिकटवलेत, म्हणून मी ते शेजारी शेजारी ठेवून वाचले. तुम्हीही वाचा. पहिला: तिरका फोटो, ‘डेटा सेव्ह होत नाही’. तुम्ही ‘अपुरी माहिती’ म्हणून बंद केलात. दुसरा: फोटोऐवजी नीट स्क्रीनशॉट. बंद. तिसरा: कोड मजकुरात, इंडेंटेशनसकट. ‘आधीच विचारलाय’ म्हणून बंद. चौथा: त्याच कोडखाली दोन नव्या ओळी, ‘एरर काहीच येत नाही. प्रोग्रॅम चालू असताना सिलेक्ट केलं तर ओळ दिसते, बंद करून परत चालवला की गायब.’

हा मुलगा दंगा करत नाहीये. दरवेळी माल दुरुस्त करून आणतोय. तुमच्याकडे ‘संपादन’चं बटण कुठे आहे आणि दाबल्यावर कुणी बघतं का, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तो दरवेळी नव्या गाडीत भरून आणतोय. चौथा प्रश्न उघडा. पहिले तीन त्याला डुप्लिकेट म्हणून जोडा, उलटं नाही. त्याला व्यक्तिगत दोन ओळी लिहा की चौथ्यातल्या शेवटच्या दोन वाक्यांमुळे प्रश्न कळला, पुढच्या वेळी त्याच प्रश्नात संपादन करा.

त्याचं उत्तरही देऊन टाकतो. पायथनचा मायएसक्यूएल कनेक्टर आपणहून कमिट करत नाही, म्हणजे बदल कायमचे पक्के करत नाही. त्यामुळे त्याच कनेक्शनला ओळ दिसते, आणि कनेक्शन बंद झालं की गायब. त्याच्या कोडमध्ये इन्सर्टच्या एक्झिक्यूटनंतर थेट क्लोज आहे. दोन्हींच्या मध्ये कनेक्शनवर कमिट राहिलंय.